विजेच्या मोटारींचा देश : नॉर्वे

- प्रतिनिधी

नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १०० नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ मोटारी निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. २०२५ मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्याही पुढे गेले. पेट्रोलची नवी मोटार घेणारा ग्राहक तेथे आता अपवादानेच आढळतो. सुमारे ५६ लाख लोकसंख्येचा, कडाक्याच्या हिवाळ्याचा आणि खनिज तेल व वायू विकून श्रीमंत झालेला हा देश विजेच्या मोटारींत जगाच्या पुढे असावा, यात विसंगती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या लोकप्रियतेमागे पर्यावरणप्रेमापेक्षा घरखर्चाचा हिशेब मोठा आहे आणि तो हिशेब जुळवून आणण्यासाठी तेथील सरकारने तीन दशके खर्ची घातली.

सुरुवात मात्र बंडखोरीने झाली. १९८९ मध्ये 'बेलोना' या पर्यावरणवादी संघटनेचे फ्रेडरिक हाउगे आणि 'आ-हा' या प्रसिद्ध पॉप वाद्यवृंदातील मॉर्टन हार्केट व माग्ने फुरुहोल्मेन यांनी विजेवर चालण्याजोगी केलेली एक फियाट पांडा मोटार देशात आणली. तिच्यासाठी टोल भरण्यास त्यांनी ठाम नकार दिला. दंड साचत गेला, मोटार जप्त झाली, तिचा लिलाव पुकारला गेला. पण बोली लावायला दुसरे कोणीच नसल्याने ती पुन्हा त्यांच्याकडेच आली. सरकारला हा प्रकार हसण्यावारी नेता आला नाही.

१९९० मध्ये विजेच्या मोटारींना नोंदणी कर माफ झाला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, १९९९ मध्ये पालिकांच्या वाहनतळांवर त्या विनाशुल्क उभ्या राहू लागल्या आणि २००१ मध्ये मूल्यवर्धित करही रद्द झाला. नॉर्वेत मोटारीवरील कर मुळातच जबर असतो. वजन आणि धूर यांच्या प्रमाणात तो वाढत जातो. त्यामुळे करमाफी मिळताच, बनविण्यास महाग असलेली विजेची मोटार दुकानात पेट्रोलच्या मोटारीच्या बरोबरीला येऊन बसली. २००५ पासून बससाठी राखीव मार्गिकाही तिला देशभर खुल्या झाल्या. सकाळच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला शेजारच्या मोकळ्या मार्गिकेतून निघून जाणारी छोटीशी मोटार दिसते, तेव्हा कोणत्याही जाहिरातीची गरज उरत नाही.

या सवलती असूनही पहिली वीस वर्षे प्रतिसाद बेताचाच होता, कारण चांगली मोटारच उपलब्ध नव्हती. नॉर्वेत बनलेल्या 'थिंक' आणि 'बडी' या चिमुकल्या गाड्यांबरोबर तेथील रस्त्यांवर बंगळुरूत तयार झालेली 'रेवा'ही धावत होती, ही आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली गोष्ट. २०११ मध्ये निसान लीफ आली आणि चित्र पालटू लागले. सप्टेंबर २०१३ मध्ये तर टेस्लाची मॉडेल एस ही त्या महिन्यात नॉर्वेत सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली.

दुसरे कारण घरातील प्लगचे. बहुसंख्य नॉर्वेजियन कुटुंबे स्वतंत्र घरात राहतात आणि रात्री मोटार दारातच चार्ज होते. सदनिकाधारकांची अडचण कायद्याने सोडविली. २०१८ पासून सदनिकेच्या मालकाला आपल्या वाहनतळाच्या जागेजवळ चार्जर बसविण्याचा हक्क मिळाला. सबळ कारणाशिवाय व्यवस्थापन समिती त्याला नकार देऊ शकत नाही. शिवाय तेथील सुमारे नऊ-दशांश वीज पाण्यापासून तयार होते, म्हणजे धूर मोटारीतून निघून वीजकेंद्राच्या धुरांड्यात जाऊन बसत नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा पल्ला लक्षणीय घटतो, हे मात्र खरे आहे आणि तेथील वाहनचालक ते गृहीत धरूनच प्रवास आखतात.

या यशाची किंमतही थोडी नव्हती. सरकारी तिजोरीत येणारा कर आटला. सवलतीचा मोठा वाटा महागड्या मोटारी घेणाऱ्या सधन कुटुंबांच्या पदरात पडला, ही टीका आजही होते आणि ती रास्त आहे. बसच्या मार्गिका विजेच्या मोटारींनीच भरून गेल्या, तेव्हा ओस्लोच्या पश्चिमेकडील महामार्गावर २०१५ पासून गर्दीच्या वेळी किमान एक सहप्रवासी असण्याची अट घालावी लागली. टोलमाफी ओसरत गेली. २०१९ पासून ओस्लोत विजेच्या मोटारींनाही टोल द्यावा लागतो. २०२३ पासून ५ लाख क्रोनरवरील किमतीला मूल्यवर्धित कर लागू झाला. तरीही नव्या विक्रीतील विजेच्या मोटारींचा वाटा घटला नाही. तोवर सवय जडली होती.

अर्थात नवी विक्री म्हणजे रस्त्यावरील सगळी वाहने नव्हेत. सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्वेतील विजेच्या मोटारींची संख्या (७ लाख ५४ हजार) पेट्रोलच्या मोटारींहून प्रथमच किंचित अधिक झाली, त्या वेळीही डिझेलच्या सुमारे १० लाख मोटारी धावतच होत्या. जुनी मोटार मोडीत निघायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

महाराष्ट्राने २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात नॉर्वेचेच हत्यार उचलले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये अमलात आली. मात्र आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. शिवाय दादर किंवा कोथरूडच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला टोलनाक्यापेक्षा सोसायटीच्या वाहनतळातील प्लग अधिक दूरचा वाटतो.