अवंतीचा कृपण : गोदाकाठच्या पोथीतील लोभाची कथा

जालना – धन मिळविणे हा दोष नव्हे. मिळविलेले धन स्वतःच्या किंवा इतरांच्या उपयोगी पडू न देणे हा लोभ होय, असा निर्वाळा देणारी एक कथा मराठवाड्यात सुमारे साडेचारशे वर्षे पोथीतून वाचली जात आहे. संत एकनाथांच्या ‘एकनाथी भागवता’च्या तेविसाव्या अध्यायातील अवंतीच्या कृपण ब्राह्मणाची ही कथा ‘भिक्षुगीता’ या नावाने ओळखली जाते.

ग्रंथाची पार्श्वभूमी

मूळ कथा संस्कृत भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात आहे. दुर्जनांनी केलेला अपमान कसा सोसावा, या उद्धवाच्या प्रश्नाला उत्तर देताना श्रीकृष्ण ती सांगतो. या स्कंधाच्या एकतीस अध्यायांवर एकनाथांनी ओवीबद्ध टीका लिहिली. तिचे पहिले पाच अध्याय पैठणला आणि उर्वरित ग्रंथ काशीला झाला. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये ग्रंथ पूर्णत्वास गेला. संस्कृतातील मोजक्या श्लोकांचा नाथांनी प्राकृतात ऐसपैस विस्तार केला. त्यामुळे ही कथा पंडितांच्या सभेतून सामान्यांच्या ओसरीवर आली.

कथानक

अवंती नगरीत एक ब्राह्मण राहत असे. शेती आणि व्यापार यांतून त्याने अमाप संपत्ती जमविली. परंतु तो ‘कदर्य’ होता. स्वतःचा देह, धर्मकृत्ये, बायको-मुले, आईवडील आणि सेवक या सर्वांना जो लोभापायी पीडा देतो तो कदर्य, अशी या शब्दाची परंपरागत व्याख्या आहे. दारी आलेल्या अतिथीला अन्न तर नाहीच, गोड शब्दही मिळत नसे. स्वतःच्या पोटालाही तो नीट खात नसे. साहजिकच पत्नी, मुले, आप्त आणि सेवक सर्वच त्याला विटले.

पुढे ती संपत्ती गेली. काही भाग भाऊबंदांनी बळकावला, काही चोरांनी नेला, काही राजाने घेतला. उरलेल्याची वासलात दैवाने व काळाने लावली. धन गेल्यावर घरच्यांनीही त्याच्याकडे पाठ फिरविली. ज्या धनासाठी त्याने माणसे तोडली, ते धन गेले तेव्हा सोबतीला माणसेही उरली नव्हती.

पंधरा अनर्थ

पश्चात्तापाच्या आगीत होरपळणारा हा कृपण धनापासून उपजणारे पंधरा अनर्थ मोजतो. चोरी, हिंसा, असत्य, दंभ, काम, क्रोध, गर्व, मद, भेद, वैर, अविश्वास आणि स्पर्धा हे बारा. त्यांत स्त्री, द्यूत व मद्य यांची तीन व्यसने मिळून पंधरा होतात. यांतील भेद, वैर आणि अविश्वास हे घरातच शिरणारे अनर्थ आहेत. एका कवडीपायी सख्खे भाऊ, जिवलग मित्र क्षणात शत्रू होतात, असे तो म्हणतो. बांधाच्या किंवा वाटणीच्या वादात सापडलेल्या कुटुंबांना या विधानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मृत्यू नव्हे, उमज

लोभाच्या कथा जगभर आहेत. पाली वाङ्मयातील ‘वेदब्भ जातका’त धनासाठी चोर एकमेकांना ठार करतात. अखेर उरलेल्या दोघांपैकी एक तलवारीने मरतो, तर त्याला मारणारा दुसरा विषारी भाताने मरतो. इंग्रज कवी चॉसर याने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगितलेल्या कथेतही सोन्याचा ढीग सापडलेले तिघे सोबती असेच परस्परांचा घात करतात. तेथे लोभ्याचा अंत झाला की कथा संपते.

अवंतीचा कृपण मात्र जिवंत राहतो आणि कथेचा महत्त्वाचा भाग तेथूनच सुरू होतो. तो संन्यास घेऊन भिक्षेला निघतो. लोक त्याचा दंड, कमंडलू, जपमाळ हिसकावतात, त्याच्या डोक्यावर थुंकतात, पैसा गेला म्हणून सोंग घेतले असे हिणवतात. तो शांत राहतो. आपल्या सुखदुःखाला लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म वा काळ यांपैकी कोणीही कारण नसून केवळ मन हेच कारण आहे, हा त्याच्या गीताचा गाभा होय. एकेकाळी सर्वांना दोष देणारा माणूस अखेर कोणालाच दोष देत नाही, हे त्याचे खरे परिवर्तन.

जांबचा दुवा

पैठणहून निघालेली गोदावरी पुढे जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या ‘दासबोधा’तील तिसऱ्या दशकात ‘स्वगुणपरीक्षा’ या नावाने संसारी माणसाचे चरित्र येते. घरात मुले वाढतात, लक्ष्मी निघून जाते, तो पैशासाठी परदेशी जातो आणि म्हातारपणी उपेक्षित होतो. नाथांचा कृपण साठवून हरतो, समर्थांचा संसारी माणूस धावून हरतो; दोघांनाही उमज येते ती सर्व हातचे गेल्यावर.

लोभाचा फटका खुद्द जांबलाही बसला. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या शोधून काढल्या.

व्यापारी गावाला उपदेश

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या गावाच्या व्यापाराची साक्ष देते. बियाणे आणि पोलाद या उद्योगांनी गावाचे नाव देशभर पोहोचविले आहे. अशा गावाला भिक्षुगीता व्यापार सोडा, असे सांगत नाही. कृपणाची शेती वा त्याचा व्यापार यांना ती दोष देत नाही. दोष देते ती अतिथी, आप्त आणि स्वतःचे पोट यांच्यासाठी न उघडलेल्या त्याच्या मुठीला. चोर, राजा, भाऊबंद आणि काळ हे वाटेकरी टळत नाहीत. तेव्हा हाती आहे तोवर आपल्या हाताने वाटा द्यावा, हाच या कथेचा व्यवहारी उपदेश होय.