फूटपाथवर घेतलेली मुलाखत

१८९२ साली लंडनच्या ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर एक मुलाखत झाली. तिला ना टेबल, ना खुर्ची, ना डोक्यावर छप्पर. मुलाखत घेणारे होते नॅशनल डेंटल हॉस्पिटलचे डीन हेन्री वाइस आणि देणारी होती लिलियन मरे नावाची विशीतली मुलगी. तिला दंतवैद्यकाच्या शाळेत प्रवेश हवा होता. नकार तर मिळालाच, पण तो ऐकण्यापुरतंही तिला कुणी आत घेतलं नाही. मुलगी इमारतीत शिरली तर शिकणाऱ्या पोरांचं लक्ष उडेल, ही डीनसाहेबांची काळजी. म्हणून ते स्वतःच दाराबाहेर आले आणि फूटपाथवर उभ्या उभ्या सगळं आटोपून मोकळे झाले. एक सल्ला मात्र त्यांनी दिला: एडिंबरोला जाऊन बघ.

दंतवैद्यकाच्या प्रवेशमुलाखतींचा पुढचा सगळा घोळ या एका प्रसंगात आधीच दिसतो. निकाल लागला तो उमेदवार कोण आहे यावर. तिला काय येतं, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आणि तिला बरंच काही येत होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे एका दंतवैद्याच्या हाताखाली तिने तीन वर्षं उमेदवारी केली होती, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली होती. वडील ऑर्गनवादक, ती चौदा वर्षांची असताना ते वारले. घरात अकरा भावंडं. शिष्यवृत्तीवर ती नॉर्थ लंडन कॉलेजिएट शाळेत शिकली. तिथल्या मुख्याध्यापिका फ्रान्सिस बस म्हणजे इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणाचं मोठं नाव. पण लिलियनने मूकबधिर मुलांची शिक्षिका व्हावं, असं बसबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगी ऐकेना. तेव्हा, दुसरं काही मी तुला होऊ देणार नाही, अशी तंबी त्यांनी दिली. त्यावर, दंतवैद्य होण्यापासून तर तुम्ही मला अडवू शकत नाही, असं उत्तर देऊन पोरगी बाहेर पडली, अशी ही कथा सांगितली जाते. मुलींना शिकवायला निघालेल्या बाईंशी झालेल्या भांडणातून ब्रिटनला पहिली स्त्री दंतवैद्य मिळाली, हा त्यातला गंमतीचा भाग.

वाइस यांचा सल्ला अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने आपल्या परीक्षांना बायकांना बसू दिलं ते थेट १९०८ साली. एडिंबरोच्या कॉलेजात ती आडकाठी नव्हती. तिथल्या डेंटल हॉस्पिटलचे डीन विल्यम बोमन मॅक्लाउड यांनी तिला घेतलं. सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. एडिंबरोमधलं बडं प्रस्थ असलेले सर हेन्री लिटलजॉन यांनी, तू कुणा गरीब बिचाऱ्याच्या तोंडचा घास काढते आहेस, असं तिला ऐकवलं. दातांच्या विद्यार्थिनीला तोंडचा घास काढणारी म्हणावं, हा विनोद त्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. १८९५मध्ये ती सन्मानासह उत्तीर्ण झाली. ब्रिटनमध्ये रीतसर पात्रता मिळवलेली ती पहिली स्त्री दंतवैद्य. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फेडत तिने लंडनमध्ये दहा वर्षं दवाखाना चालवला आणि मगच, १९०५मध्ये, एडिंबरोत ओळख झालेल्या रॉबर्ट लिंडसे या दंतवैद्याशी लग्न केलं. ब्रिटिश डेंटल असोसिएशनचं ग्रंथालय उभं राहिलं ते या लिंडसेबाईंच्या मेहनतीवर. १९४६मध्ये त्या त्याच संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी, अठराव्या शतकातल्या पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याच्या मोठ्या ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवादही बाहेर आला.

मुळात दार असायला आधी घर लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात काढणाऱ्याला कुणी प्रवेश देत नव्हतं आणि नाकारतही नव्हतं. न्हावी, लोहार, जत्रेत पेटी घेऊन बसणारा, ज्याच्या मनगटात जोर तो दंतवैद्य. दात काढून घेणाराच काय तो परीक्षक. आपल्याकडे तर रस्त्याकडेला कवळ्या मांडून बसणारे कालपरवापर्यंत दिसत, त्यामुळे फूटपाथ आणि दंतवैद्य ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. अमेरिकेत होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरला १८४०मध्ये दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज काढलं तेव्हा पहिल्या तुकडीत पाच विद्यार्थी होते आणि पुढच्या वर्षी दोघे पदवी घेऊन बाहेर पडले. ब्रिटनमध्ये १८६०पासून परवान्याची परीक्षा सुरू झाली, १८७८च्या कायद्याने नोंदवही आली. धंद्याला प्रतिष्ठा आली तसा उंबरठाही आला.

या उंबरठ्यावर ल्यूसी हॉब्ज नावाच्या अमेरिकन बाईंनी लिलियनच्या कितीतरी आधी अक्षरशः दाताच्या कण्या केल्या होत्या. सिनसिनाटीच्या ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीने त्यांना बाई म्हणून परत पाठवलं. त्यांनी एका दंतवैद्याकडे उमेदवारी केली, १८६१मध्ये स्वतःचा दवाखाना थाटला, पुढे आयोवात जाऊन नाव कमावलं. आयोवाच्या दंतवैद्यांनी १८६५मध्ये त्यांना आपल्या संघटनेत सभासद करून घेतलं, तेव्हा कुठे त्या ओहायोच्या कॉलेजचं मन वळलं. प्रवेश मिळाला तो थेट शेवटच्या वर्गात, कारण शिकवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. फेब्रुवारी १८६६मध्ये त्या पदवीधर झाल्या. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे आधी डॉक्टरकी करून दाखवा, मग डॉक्टरकी शिकायला या. रॉबर्ट टॅनर फ्रीमन या कृष्णवर्णीय तरुणाला दोन कॉलेजांनी नाकारल्यावर नव्याने निघालेल्या हार्वर्डच्या दंतशाळेने घेतलं. १८६९मध्ये तो उत्तीर्ण झाला. इतक्या थोड्या वर्षांत दारं किलकिली होत होती, हे खरं.

पण ती पुन्हा लागतही होती, आणि दरवेळी फूटपाथवर येऊन नकार देण्याची गरज नसते. कागद पुरतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या दंतशाळेत १९४८ ते १९६१ या काळात जॉन ब्यूलर हे डीन होते. त्यांच्या कारकिर्दीत ज्यू विद्यार्थ्यांचं नापास होण्याचं किंवा वर्ष पुन्हा करावं लागण्याचं प्रमाण तब्बल ६५ टक्क्यांवर गेलं होतं. आकडे पुढे आले तरी विद्यापीठ कानावर हात ठेवून होतं. शेवटी पुरावा ठरला तो प्रवेशाचाच अर्ज: त्यात उमेदवाराने आपण गौरवर्णीय, ज्यू की अन्य, यावर खूण करायची होती. ब्यूलर यांनी १९६१मध्ये पद सोडलं. विद्यापीठाने त्या विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागितली २०१२मध्ये, तोवर ती तरुण मुलं आजोबा झाली होती.

गंमत म्हणजे त्याच काळात, त्याच अमेरिकेत, उमेदवाराचं नाव-गाव बाजूला ठेवून फक्त हात तपासण्याचा एक प्रामाणिक प्रयत्नही चालू होता. त्याचं साधन होतं खडू. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९५०पासून देशभर प्रवेशासाठी अभियोग्यता चाचणी सुरू केली. त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र होतंच, पण एक भाग कोरीवकामाचा होता. समोर खडूचा ठोकळा, हातात चाकू, शेजारी मापं लिहिलेली आकृती. तिच्याबरहुकूम ठोकळ्यातून आकार काढायचा. पृष्ठभाग किती सपाट, कोपरे किती रेखीव, मापं कितपत जुळली, यावर गुण. दंतवैद्य व्हायला आलेली पोरं शाळेतल्या फळ्याचं सामान कुरतडत बसली आहेत, हे दृश्य विनोदी खरं, पण कल्पना खुळचट नव्हती. दात कोरताना चाकू नेमका कुठे थांबवायचा, हे पुस्तकात वाचून कळत नाही. आणि खडू माणसाचं आडनाव विचारत नाही.

तरी हा खडू टिकला नाही. हजारो ठोकळे केंद्रोकेंद्री पाठवायचे, परत आणायचे आणि एकेक हाताळून तपासायचा, हे काम किती जिकिरीचं असेल याची कल्पना शाळेत हस्तकलेच्या वह्या तपासलेल्या कुणालाही येईल. शिवाय सरावाने जे सुधारतं ते उपजत कसब कसं म्हणायचं, ही शंका होतीच. १९७२मध्ये कोरीवकाम गेलं आणि त्या जागी कागदावरची चाचणी आली: घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, दोन कोनांत लहान कोणता, ठोकळ्यांच्या उतरंडीत रंग किती बाजूंना लागेल. हाताची परीक्षा डोळ्यांनी द्यायची. शेजारच्या कॅनडाने मात्र साबणाची वडी कोरायला लावण्याचा प्रघात गेल्या दशकापर्यंत जपला होता.

ब्रिटनमध्ये खडूऐवजी गप्पांवर भर राहिला. तिथे दंतवैद्यकाच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी शाळकरी मुलं एकावेळी जास्तीत जास्त चार कॉलेजांना अर्ज करू शकतात आणि मुलाखत दिल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. जुनी पद्धत म्हणजे टेबलामागे दोन-तीन प्राध्यापक आणि समोर दातखिळी बसलेला सतरा वर्षांचा मुलगा. या मुलाखतीत हमखास विचारलं जाई, अजूनही विचारलं जातं, की तुझ्या हातात कसब आहे कशावरून? मग कुणी विणकाम सांगतं, कुणी व्हायोलिन, कुणी केकवरची नक्षी, कुणी चिमुकल्या विमानांची रंगरंगोटी. हात काय करतो ते तोंडाने सांगायचं. काही ठिकाणी तार वाकवून आकार करायला देतात, तेवढाच त्या खडूचा वंश उरला आहे.

गप्पांवर विसंबण्यातला धोका वैद्यकीय शाळांमध्ये ढळढळीत दिसला. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय शाळेने मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यासाठी संगणकाचा प्रोग्रॅम केला होता. तो जुन्या निवडकर्त्यांच्या निर्णयांवरून बेतलेला, आणि त्यांच्याशी इतका इमानी की परदेशी वाटणारी नावं आणि बायका यांचे गुण त्यानेही कापले. वंशसमता आयोगाने १९८८मध्ये शाळेला दोषी धरलं. वर्षाला साठेक उमेदवारांची मुलाखत या हिशेबाने हुकली असावी, असा त्यांचा अंदाज होता. डीन वाइस आता दाराबाहेरही यायचे थांबले होते.

मुलाखतीची दुरुस्ती आली कॅनडातून. मॅकमास्टर विद्यापीठातल्या केव्हिन इव्हा आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये एक वेगळी रीत मांडली. एकच लांब मुलाखत घेण्यापेक्षा दहा छोट्या घ्या. उमेदवार एका दारासमोर उभा राहतो, दोन मिनिटं दारावरचा प्रसंग वाचतो, आत जातो, आठ मिनिटं बोलतो. घंटा वाजली की पुढचं दार. एका खोलीत माती झाली तरी पुढच्या खोलीतल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. एखाद्या प्राध्यापकाला चेहरा आवडला किंवा खटकला, तर त्याचं वजन एक दशांश. ही कल्पना त्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेवरून उचलली होती. ती परीक्षा डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५मध्ये बेतलेली. म्हणून डंडीच्या दंतशाळेतही आज याच पद्धतीने मुलाखती होतात, हे योग्यच. एखाद्या खोलीत रडणारा रुग्ण झालेला नट बसलेला असतो, दुसरीत सहकाऱ्याची चूक दिसल्यावर काय कराल असा पेच, तिसरीत आकृती न दाखवता शब्दांत समजावून समोरच्याकडून ती काढून घ्यायची. कोविडच्या साथीत हे सगळं पडद्यावर गेलं आणि तारा वाकवणं साहजिकच बारगळलं.

भारतात ही वाट वेगळ्या दिशेने वळली. कलकत्त्यात रफिउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये दंतवैद्यकाचं कॉलेज काढलं. ते स्वतः अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून आलेले. कलकत्त्यात शिकून फातिमा जिना यांनी १९२३मध्ये मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना उघडला, तोही मुलीने असलं काही करणं नवलाचं होतं तेव्हा. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३मध्ये निघालं. १९४८च्या कायद्यानंतर धंद्याला देशभर एक शिस्त लागली. पण मुलाखतीचं बी इथे रुजलं नाही, आणि त्याचं श्रेय किंवा दोष बऱ्याच अंशी न्यायालयाकडे जातो.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण असत. उमेदवारांचं म्हणणं असं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न होते वडील काय करतात, राहता कुठे. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल, आणि झालेलं बोलणं टेपवर ध्वनिमुद्रित केलं तर बरं. त्याच्या दहाएक वर्षं आधी तमिळनाडूच्या वैद्यकीय प्रवेशांतही असाच वाद न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे मुलाखतीला ७५ गुण होते. ‘वडील काय करतात’ हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारला जातो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे मुलाखत गेल्याचं दुःखही फारसं कुणाला झालं नाही.

महाराष्ट्रात बारावीचे गुण, मग सीईटी, मग नीट, असा प्रवास झाला. आज सोलापूरच्या मुलीला बीडीएसला जायचं असेल तर १८० प्रश्न, ७२० गुण, मग कॅप राउंड आणि कागदपत्रांची पडताळणी. तिला कुणी एक शब्दही विचारत नाही, तिचे हात कुणी पाहत नाही. ते पाहिले जातात ॲडमिशननंतर, पहिल्या वर्षी. दंतशरीररचनेच्या प्रयोगशाळेत मेणाचा ठोकळा पुढ्यात येतो. पट्टीने मापं घ्यायची, रेघा मारायच्या आणि चाकूने वरचा समोरचा दात कोरायला लागायचं. पहिला दात बहुधा बटाट्यासारखा होतो, टेबलाखाली मेणाचा चुरा साचतो, आणि मॅडम येऊन तो दात बोटांत फिरवून बघतात, मग नवा ठोकळा घ्यायला सांगतात.