फ्रोमिस्ता: यात्रेकरूंचा मार्ग आणि गव्हाचा कालवा

उत्तर स्पेनच्या पालेन्सिया प्रांतात, तिएरा दे कांपोस या गव्हासाठी प्रसिद्ध असलेल्या सपाट मुलखात, फ्रोमिस्ता हे हजारापेक्षाही कमी लोकवस्तीचे गाव आहे. तेथे ना राजधानी होती, ना बिशपचे पीठ. तरीही युरोपच्या मध्ययुगीन शिल्पकलेचा अभ्यास या गावाला वगळून करता येत नाही. याचे कारण गावाच्या स्थानात आहे. सेंट जेम्सच्या समाधीस्थानाकडे, म्हणजे सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे जाणारा यात्रामार्ग फ्रोमिस्तामधून जातो, आणि बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी लिहिल्या गेलेल्या लॅटिन मार्गदर्शिकेत बुर्गोस ते फ्रोमिस्ता हा प्रवासाचा एक टप्पा म्हणून नोंदलेला आहे. या वाटेने भाविकांबरोबर पाथरवट, नमुने आणि कल्पनाही आल्या.

नावारेचा राजा सांचो तिसरा याची विधवा राणी दोन्या मायोर हिने येथे बेनेडिक्टाइन संन्याशांसाठी सान मार्तिनचा मठ स्थापला, आणि 1066 सालच्या तिच्या मृत्युपत्रात त्याच्या बांधकामाचा उल्लेख आहे. मठ कालौघात नाहीसा झाला. चर्च मात्र टिकले. शिल्पांची शैली पाहता त्याचा बराचसा भाग राणीच्या पश्चात, अकराव्या शतकाच्या अखेरीस घडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. या वास्तूला रोमनेस्क म्हणतात, म्हणजे जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि दगडी छत यांवर उभी असलेली, गॉथिकपूर्व काळातील शैली. तीन दालने, पूर्वेला तीन अर्धवर्तुळाकार गर्भकक्ष, दर्शनी बाजूला दोन गोल मनोरे आणि मध्यभागी अष्टकोनी शिखर अशी तिची मांडणी असून तिची प्रमाणबद्धता खरोखर विलक्षण आहे.

वळचणीला आधार देणाऱ्या सुमारे 315 दगडी हस्तांवर माणसे, पशू, राक्षसमुखे, वादक आणि कसरतपटू कोरलेले आहेत. आतल्या स्तंभशीर्षांपैकी एक विशेष लक्ष देण्याजोगे आहे. त्यावरील विवस्त्र, धडपडणाऱ्या आकृतींचा उगम विसाव्या शतकात सेराफिन मोरालेहो या कलेतिहासकाराने जवळच्या उसिल्योस गावातील एका रोमन शवपेटीत शोधून काढला. त्या पेटीवर ग्रीक पुराणकथेतील ऑरेस्टिस आपल्या आईचा आणि तिच्या प्रियकराचा वध करतो, तो प्रसंग कोरलेला आहे. ख्रिस्ती मठासाठी काम करणाऱ्या कारागिराने सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या मूर्तिपूजक दगडाकडे पाहून देहाची ठेवण शिकून घ्यावी, ही गोष्ट मध्ययुगाविषयीच्या अनेक सोप्या समजुती मोडीत काढते. मूळ स्तंभशीर्ष पालेन्सियाच्या संग्रहालयात असून चर्चमध्ये त्याची प्रतिकृती बसवलेली आहे.

मात्र आज दिसणारे सान मार्तिन जसेच्या तसे अकराव्या शतकातले नाही. एकोणिसाव्या शतकात ते मोडकळीस आले होते. 1894 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाल्यानंतर वास्तुविशारद मानुएल आनिबाल आल्वारेस यांनी 1904 पर्यंत त्याचा जीर्णोद्धार केला. नंतरच्या शतकांत चिकटलेली बांधकामे पाडण्यात आली, खिळखिळे भाग उतरवून पुन्हा रचण्यात आले आणि झिजलेल्या शिल्पांच्या जागी नवी घडवण्यात आली. या निर्दोष एकसंधपणावर अतिशुद्धीचा आक्षेप घेतला जातो, आणि तो योग्य आहे. कारण पुसली गेलेली मधली शतकेही या वास्तूचाच इतिहास होती. पण हस्तक्षेप झाला नसता तर वास्तूच कोसळली असती, हेही तितकेच खरे.

गावाला ‘चमत्काराचे नगर’ म्हणतात ते 1453 मधल्या एका कथेमुळे: ज्यू सावकाराचे कर्ज थकल्याने धर्मबहिष्कृत झालेल्या एका माणसाला मृत्युशय्येवर प्रसाद देताना तो प्रसाद तबकाला चिकटून राहिला, अशी ती श्रद्धा आहे. या कथेत गावच्या ज्यू वस्तीची आठवण आणि तिच्याविषयीचा आकस, दोन्ही साठलेले आहेत. 1492 मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवण्यात आले आणि ती वस्ती संपली. समुद्रापासून दूरच्या याच गावात बाराव्या शतकाच्या अखेरीस पेद्रो गोन्सालेस तेल्मो हा डॉमिनिकन संत जन्मला, आणि पुढे तो खलाशांचा रक्षणकर्ता ठरला. वादळात डोलकाठीच्या टोकावर दिसणाऱ्या विद्युत्‌प्रभेत पोर्तुगीज नाविकांना त्याचेच अस्तित्व जाणवे. त्यामुळे लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या गलबतांवरही त्याचा धावा होत असे.

दुसरा मार्ग पाण्याचा होता. कास्तिलचा गहू सांतांदेर बंदराकडे स्वस्तात नेता यावा म्हणून फेर्नांदो सहाव्याच्या कारकिर्दीत, मार्केस दे ला एन्सेनादा या मंत्र्याच्या पुढाकाराने, 1753 मध्ये कास्तिल कालव्याचे काम सुरू झाले. फ्रोमिस्तापाशी जमीन एकदम उतरते, म्हणून तेथे ओळीने चार लॉक बांधावे लागले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी कोठी. तीत पाणी भरून किंवा सोडून नाव वर चढवली अथवा खाली उतरवली जाते. या चार कोठ्यांतून नावा सुमारे 14 मीटर उंची पार करीत, आणि काठावरच्या वाटेने चालणारी खेचरे त्यांना दोराने ओढीत. कोठ्यांच्या लंबगोल भिंती मातीचा दाब कमानीप्रमाणे पेलतात. ही दगडी बांधणी सान मार्तिनइतकीच बारकाईने पाहावी अशी आहे, तरी बहुतेक प्रवासी चर्च पाहूनच परततात.

कालवा 1849 मध्ये 207 किलोमीटरवर थांबला. कांताब्रियन पर्वत ओलांडून समुद्राला भिडण्याचे मूळ उद्दिष्ट साधलेच नाही. पुढच्या दोन दशकांच्या आत रेल्वेने ते काम केले आणि नावांचा धान्यव्यापार हिरावून घेतला. 1959 मध्ये जलवाहतूक अधिकृतपणे बंद झाली, आणि तेव्हापासून कालव्याचे पाणी मुख्यतः शेतीला आणि वस्त्यांच्या पाणीपुरवठ्याला जाते.