शेजारच्या पिशवीतला खडा

फराळाच्या ताटापुढे बसलेल्या वाचकांना पित्ताची कथा ऐकवणे रसिकपणाचे नव्हे, हे मी जाणतो. पण घरात कोणी पिवळे पडले की 'कावीळ झाली' एवढे म्हणून आपण झाडपाल्याच्या मागे लागतो. ती कशाने झाली, हे विचारत नाही. तो प्रश्न नेटाने विचारणाऱ्या एका शल्यविशारदाची ही हकीकत आहे.

पाब्लो लुईस मिरिझ्झी हा अर्जेंटिनातील कोर्दोबाचा. जन्म १८९३ चा. पित्ताशयाची पिशवी काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखने १८८२ सालीच केली होती. परंतु यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीत काय दडले आहे, हे पुढेही बोटांनी चाचपूनच ताडावे लागे. १९३१ साली मिरिझ्झीने शस्त्रक्रिया चालू असतानाच त्या नळीत क्ष-किरणांत उमटणारे औषध सोडले आणि तिचे चित्र घेतले. अंधाऱ्या कोठीत चाचपडणाऱ्याच्या हाती कंदील आला!

१९४८ साली त्याने एका चमत्कारिक काविळीचे वर्णन केले. हिच्यात खडा असतो पित्ताशयाच्या गळ्याशी. तेथून तो शेजारची मुख्य नळी दाबतो आणि पित्त तुंबते. चोर शेजारच्या घरात, झडती मात्र आपल्या घराची! जर्मनीत केहर व रूगे यांनी असे रोगी १९०५ व १९०८ साली नोंदवले होते, पण विकाराला नाव मिळाले मिरिझ्झीचे. गंमत अशी, की नळीचे स्नायू आकसतात हे त्याचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. खड्याचा दाब आणि सूज हीच खरी कारणे ठरली.

येथे शल्यविशारदाची कसोटी लागते. सुजेने सारे एकमेकांना चिकटलेले असते. पिशवीचा देठ समजून मुख्य नळीच कापली जाण्याची भीती असते. अशा इजेची किंमत केवढी, हे अँथनी ईडन यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांना हा विकार होता असे मी म्हणत नाही. पण एप्रिल १९५३ मध्ये लंडनला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांची नळी दुखावली, जूनमध्ये बोस्टनला जाऊन ती दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि १९५६ साली सुएझच्या धामधुमीत पंतप्रधान असतानाही त्या दुखण्याचा ताप उलटला.

आज सोनोग्राफी आणि एमआरआय यांमुळे सुरी उचलण्यापूर्वीच पुष्कळ उलगडा होतो. नळीला भोक नसेल तर पिशवी काढून भागते. फार चिकटली असेल तर ती उघडून खडा काढतात आणि नळीला बिलगलेला तुकडा तसाच ठेवतात. लहान भोक त्याच तुकड्याने बुजवतात. मोठे असेल तर नळी लहान आतड्याला जोडून पित्ताला नवी वाट देतात.

मिरिझ्झी १९६४ साली वारला. पिशवी समूळ काढण्याचा हट्ट सोडून तो तुकडा मागे ठेवणारा शल्यविशारद मला मोठा वाटतो. आणि घरात कोणी पिवळे पडले, त्यात थंडी वाजून ताप भरला, तर दिवाळी सरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.