आगबोटीवरची पंगत



कालवा म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आठवतं. पेनटाकळीच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचणार की नाही, ही आपली नेहमीची बोलणी. आज मी एका वेगळ्याच कालव्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं पाणी शेताला जात नाही, त्यातून मोठमोठ्या आगबोटी जातात. हा इजिप्त देशातला सुएझचा कालवा. १८८३ साली आपल्या मराठी मुलखातल्या दोन बाया याच वाटेनं परदेशी गेल्या. एक आनंदीबाई जोशी आणि दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्या पुढे काय शिकल्या हे शाळेच्या पुस्तकात असतं. आज आपण त्यांच्या वाटेविषयी बोलू. बोटीवर जेवण कसं असे, बंदरावर उतरलं की काय दिसे, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात आपल्या समाजाचं सगळं लक्ष त्यांच्या ताटावरच का होतं, हे पाहू.

आधी कालव्याची माहिती घेऊ. १८५९ साली तो खणायला सुरुवात झाली आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो सुरू झाला. तेव्हा त्याची लांबी सुमारे १६४ किलोमीटर होती. त्याच्या आधी मुंबईहून लंडनला माल न्यायचा तर जहाजाला सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे, म्हणजे जवळजवळ वीस हजार किलोमीटर. कालव्यामुळे ही वाट साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास आली. लाल समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्या पाण्याची पातळी जवळपास सारखी आहे, म्हणून मध्ये कुठे दरवाजे बांधावे लागले नाहीत.

हे खोदकाम केलं कोणी? पहिली काही वर्षं इजिप्तच्या गरीब शेतकऱ्यांना वेठीनं आणलं जात होतं. एका वेळी वीस-वीस हजार माणसं वाळवंटात राबत. सुरुवातीला प्यायचं पाणी उंटांवरून यायचं. पुढे नाईल नदीपासून गोड्या पाण्याचा वेगळा पाट काढला, तेव्हा कुठे हाल कमी झाले. १८६४ नंतर वेठ बंद झाली आणि यंत्रं आली. तोवर आजारानं आणि कष्टानं हजारो माणसं गेली होती. दुष्काळी कामावर माती वाहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

कालव्याच्या मध्ये खाऱ्या पाण्याची मोठी तळी लागतात. त्यांना कडू तळी म्हणतात. पूर्वी ती कोरडी होती, तळाशी नुसता मिठाचा थर होता. आपल्या लोणारच्या सरोवराचं पाणी जिनं चाखलंय तिला त्या नावाचा अर्थ लगेच कळेल.

आता कोणी विचारेल, त्या कालव्याचा आणि आपल्या बुलडाण्याचा काय संबंध? संबंध कापसाचा आहे. कालवा सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७० साली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. खामगावचा कापसाचा बाजार तेव्हा देशातल्या मोठ्या बाजारांत मोजला जाई. वऱ्हाडातल्या बायांनी वेचलेला कापूस रेल्वेनं मुंबईला आणि तिथून आगबोटीनं कालव्यातून इंग्लंडच्या गिरण्यांना जाऊ लागला. म्हणजे आपल्या बायांच्या हातचा कापूस समुद्र ओलांडत होता. ज्या बायांनी तो वेचला त्यांना मात्र गावची शीव ओलांडायला परवानगी लागत होती.

कापसाला विटाळ नव्हता, माणसाला होता. त्या काळी वरच्या जातीच्या हिंदूंना समुद्र ओलांडायची बंदी होती. ओलांडला तर धर्म बुडतो, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागतं, नाहीतर जातीतून बाहेर, असा नियम. त्याचं कारण काय सांगत? बोटीवर सोवळं-ओवळं पाळता येत नाही, परक्याच्या हातचं खावं लागतं. म्हणजे भीती समुद्रापेक्षा ताटाची जास्त होती. पुरुष मंडळी यातून वाट काढत. बाईला ती सवलत कुठली? १८८२ साली आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि हाच सवाल केला, की बाईला एक नियम आणि पुरुषाला दुसरा, असं का? त्यानंतर वर्षभरातच या दोघी बोटीवर चढल्या.

बोटीवरचं जेवण कसं असे ते ऐका. घंटा वाजली की जेवायला जायचं. पहिल्या वर्गाचं जेवणघर वेगळं, लांबलचक टेबलं, पांढरी चादर, काटे-चमचे. बोट हलली की ताटल्या घसरू नयेत म्हणून टेबलाला लाकडी पट्ट्या लावत. उकाड्यात डोक्यावर कापडी पंखा हलत असे आणि त्याची दोरी ओढायला एखादा पोऱ्या बसवलेला असे. बर्फाची यंत्रं सर्रास येण्याआधी बोटीवरच मेंढ्या, कोंबड्या, दुधासाठी गाय बाळगत. जेवणात मांसच जास्त. शाकाहारी बाईच्या वाट्याला अशा टेबलावर काय येणार? पाव, उकडलेले बटाटे, भात आणि असली तर फळं.

हे रांधणारे आणि वाढणारे हात कोणाचे, हेही सांगते, कारण पुस्तकात ते फारसं येत नाही. मुंबईहून जाणाऱ्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी पुष्कळदा गोव्याचे असत. डेकवरचे खलाशी कोकणातले, रत्नागिरीकडचे, त्यांत मुसलमान पुष्कळ. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत, आणि खलाशांचं जेवण करणाऱ्याला भंडारी. खाली भट्टीजवळ कोळसा टाकणाऱ्यांचे हाल सगळ्यांत जास्त. लाल समुद्रातल्या उकाड्यात ती माणसं भोवळ येऊन पडत. वर साहेबांची पंगत बसायची ती या हातांच्या जिवावर.

आता आपल्या आनंदीबाई. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. योग्य इलाज मिळाला असता तर ते वाचलं असतं, हे त्यांच्या मनात राहिलं आणि डॉक्टर व्हायचं ठरलं. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. त्यांना बरोबर जाता येईना, म्हणून अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय निघाली. निघण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, नगरच्या नव्हे, त्यांनी भाषण केलं. मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. तो शब्द पुढे त्यांना रोजच्या ताटात पाळायचा होता. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळपास दोन महिने परक्या बायांच्या सोबतीनं प्रवास झाला, पण शाकाहार सोडला नाही.

पंडिता रमाबाई त्याच एप्रिल महिन्यात मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. आई-वडील दुष्काळात गेलेले, नवरा आदल्याच वर्षी वारलेला, कडेवर दोन वर्षांची मुलगी मनोरमा. तिच्या तोंडी काय घालायचं हा प्रश्न त्यांना आपल्या धर्माच्या प्रश्नाइतकाच मोठा असणार, हे कुठल्याही आईला समजेल. त्यांनी त्या प्रवासाची हकीकत मराठीत लिहून पाठवली आणि ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच साली छापून निघाली. बाईनं लिहिलेलं परदेशाचं प्रवासवर्णन मराठीत तोवर दुर्मीळच होतं. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार जन्मभर पाळला. म्हणजे धर्म बदलला तरी ताट बदललं नाही. ताटातलं अन्न आणि माणसाचा धर्म यांची गाठ लोक समजतात तेवढी पक्की नसते, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता बंदरं पाहू. मुंबईहून निघालं की पहिला मोठा मुक्काम एडनचा. हे गाव अरबस्तानच्या टोकाला, पण त्याचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चाले. चारी बाजूंनी काळे डोंगर, झाड म्हणून नाही. प्यायच्या पाण्याचे तिथे फार हाल. डोंगरातून येणारं पावसाचं पाणी साठवायला फार जुनी दगडी टाकी आहेत, ती पाहायला प्रवासी मुद्दाम जात. शिवाय समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडं पाणी विकलं जाई. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्या बायांना एडन परकं वाटलं नसतं.

मग लाल समुद्र, आणि त्याच्या शेवटी सुएझ गाव. इथून कालवा सुरू. कालवा इतका अरुंद, की समोरून बोट आली तर एकीनं कडेच्या रुंद जागेत थांबायचं. चिंचोळ्या पांदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एक जण गाडी बाजूला घेतो, तसंच. १८८३ साली रात्री बोट चालवत नसत. विजेचे दिवे लावून रात्रीची वाहतूक सुरू झाली ती १८८७ मध्ये. तोवर अंधार पडला की बोट बांधून ठेवायची. दोन्ही बाजूंना वाळू, उंटांच्या रांगा आणि वाटेत नाईलच्या पाण्यावर वाढवलेली इस्माइलियाची हिरवळ.

कालव्याच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट सैद. इथे बोटीत कोळसा भरत. शेकडो मजूर टोपल्या घेऊन फळीवरून पळत चढत आणि काळी धूळ सगळीकडे उडे. खिडक्या बंद कराव्या लागत, आत उकाडा. म्हणून ज्यांना शक्य ते होडीत बसून गावात जात. गाव म्हणजे बाजारच. शोभेच्या वस्तू, कापड, तंबाखू, गाढवं भाड्यानं देणारी पोरं, जादूचे खेळ करणारे. दर ठिकाणी भाव तिप्पट. प्रवाशांना एवढाच इजिप्त दिसे. जत्रेला गेलेल्या माणसानं फक्त दुकानं पाहून यावं आणि गाव पाहिलं म्हणावं, तशातला प्रकार.

पुढे काय झालं? ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून रमाबाई गेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात निघालेल्या दोघी तिथे भेटल्या. थंडी, अपुरं जेवण, धुरानं भरणारी खोली, यांत आनंदीबाईंची तब्येत ढासळली होती, क्षयानं गाठलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, पण तिथे रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे गेल्या, त्याही आगबोटीनंच. नियम सगळे पाळून गेलेल्या बाईची ही किंमत. रमाबाईंनी परत येऊन १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं.

आणि समाज? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये बोलावलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. त्यांत रानडे होते, टिळक होते. त्या एका चहावरून गाव पेटलं, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. समुद्र तर दूरच, एक कप चहाही पचत नव्हता.

याच्या दुसऱ्या बाजूला काय होतं, तेही पाहू. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला नळाला हात लावता येत नव्हता. शिपायानं पाणी दिलं तरच प्यायचं, शिपाई नसला की तहानेलं राहायचं. तोच मुलगा १९१३ साली आगबोटीनं न्यूयॉर्कला शिकायला गेला. तिथे बरोबरीनं बसण्या-जेवण्याचा अनुभव मिळाला, आणि परत आल्यावर १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी सगळ्यांसाठी खुलं मागितलं. कोणाला समुद्राचं पाणी ओलांडायची बंदी, कोणाला तळ्याचं पाणी प्यायची. नियम दोन दिसतात, पण मूळ एकच.

आज त्या कालव्यातून कंटेनरची जहाजं जातात. मार्च २०२१ मध्ये एक जहाज तिथे आडवं अडकलं आणि सहा दिवस सगळ्या जगाचा व्यापार खोळंबला, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्या जहाजावरचे पंचवीसही कर्मचारी भारतीय होते. समुद्र ओलांडला म्हणून त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारलं नाही. तो नियम कधी गेला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पण ताटाचा नियम गेला का? गटाचा अभ्यास दौरा निघतो तेव्हा मी यादी करायला बसते. पहिला प्रश्न येतो, मुक्काम आहे का? दुसरा, घरी स्वयंपाक कोण करणार? आणि तिसरा हळूच, कानाशी येऊन, तिथं जेवण कोण करतं? घरून दशम्या आणि ठेचा नेणं यात वाईट काही नाही, आनंदीबाईंनीही आपलं खाणं सांभाळलंच होतं. कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र डबा आवडीसाठी नेला की दुसरीच्या हातचं नको म्हणून, हे प्रत्येकीला मनात ठाऊक असतं. शाळेत खिचडी शिजवणारी ताई कोणत्या समाजाची, हे विचारणारी माणसं अजून गावोगाव आहेत. आपण गटात पैसा एकत्र ठेवतो. दहा घरांच्या नोटा एकाच पेटीत जातात, तिथे कोणाची नोट कोणाला बाटवत नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक ठराव मांडून पाहा. प्रत्येक गटातली एकेक बाई, आजवर एकदाही न गेलेली, दौऱ्याला जाईल, आणि तिच्या घरचं दोन दिवसांचं रांधणं बाकीच्या वाटून घेतील. दौऱ्यात दुपारचे डबे एकत्र उघडायचे. ठरलं की कार्यवृत्ताच्या वहीत तिचं नाव लिहा.