सांबाचे कूळ

अकोल्यात जठारपेठेपासून गौरक्षण रोडपर्यंत कितीतरी घरांच्या कोपऱ्यात जुने संगणक धूळ खात पडले आहेत. त्यातल्या एखाद्यावर लिनक्स चढवले की पऱ्हाटीच्या हिशोबाच्या पावत्या, सातबाराचे स्कॅन, लग्नाचे फोटो असे सगळे एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवता येते आणि घरातला कुठलाही लॅपटॉप किंवा मोबाइल ते वायफायवरून उघडतो. हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे सांबा. तो फुकट मिळतो, म्हणून त्याचे कूळ कोणी विचारत नाही. ते विचारायलाच हवे.

याचा मूळ पुरुष बॅरी फायगेनबॉम. दुसऱ्या संगणकावरची फाइल आपल्याच संगणकावरची असल्यासारखी वापरता यावी, यासाठी त्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये एक प्रोटोकॉल बांधला, एसएमबी. मायक्रोसॉफ्टने तो पुढे नेला आणि विंडोजमधल्या फाइल शेअरिंगचा पाया केला.

खरी कथा सुरू होते ती डिसेंबर १९९१ मध्ये, कॅनबेऱ्यात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या डॉसच्या पीसीवर युनिक्स सर्व्हरची डिस्क हवी होती. डिजिटल कंपनीचे पाथवर्क्स हे सॉफ्टवेअर डिजिटलच्या सर्व्हरशी बोलत असे, पण त्याची अंतर्गत बोली ट्रिजेलला कोणी सांगितलेली नव्हती. त्याने नेटवर्कवरून जाणारी पाकिटे टिपणारा प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या विचारणीला कुठले उत्तर जाते ते पाहिले आणि तशीच उत्तरे देणारा सर्व्हर स्वतः लिहिला. आपण एसएमबी उलगडतो आहोत, याचा त्याला पत्ताही नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये त्याने तो सर्वांसाठी खुला केला आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे बाजूला ठेवला.

तो पुन्हा बाहेर निघाला घरच्याच गरजेपोटी. पत्नीचा विंडोज पीसी आणि स्वतःचा लिनक्स संगणक त्याला जोडायचे होते. जुना कोड चालवून पाहिला आणि तो चालला. मला या कुळकथेत हेच सर्वांत मोलाचे वाटते. मोठ्या कार्यालयांत आज राबणारा हा प्रोग्रॅम दोन माणसांच्या घरातल्या दोन संगणकांसाठी दुसऱ्यांदा जन्मला. प्रोग्रॅमच्या आधीच्या नावावर एका कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा ट्रिजेलने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द शोधला. सापडला सांबा.

कुळाच्या खुणा आजही दिसतात. लिनक्सवर खाते असले तरी एसएमबीपासडब्ल्यूडी (smbpasswd) या कमांडने सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो, कारण विंडोजची ओळख पटवण्याची रीत युनिक्सपेक्षा निराळी. एसएमबी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये चौकोनी कंसात शेअरचे नाव लिहायचे, खाली पाथ द्यायचा, आणि ‘रीड ओन्ली’पुढे नो. ही ओळ लिहायची राहून गेली तर फोल्डर दिसतो, फाइल उघडते, पण नवी पावती काही त्यात पडत नाही. ओळ लिहूनही पडत नसेल, तर लिनक्सने त्या फोल्डरवर तुमच्या खात्याला लिहिण्याची परवानगी दिली आहे का ते बघा. दोन्हीकडून होकार लागतो.

मराठी माणसासाठी आणखी एक वर्ष महत्त्वाचे, २००३. त्या वर्षी आलेल्या सांबा ३.० पासून नेटवर्कवर युनिकोड चालू लागले, म्हणून फोल्डरला ‘कापूस’ किंवा ‘आजीचे फोटो’ असे देवनागरी नाव बिनदिक्कत देता येते.

कुळात एक धोकाही आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. म्हणून ती जुनी आवृत्ती सुरू करू नका आणि राउटरवर ४४५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. यंत्र इन्व्हर्टरवर ठेवा, पावत्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. आणि जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्यावर सांबा लावून पाहाच.