दोन मिलिमीटरचं घर

बूट घट्ट बांधा. जाड तळव्यांचेच घाला, कारण आज काचांवरून चालायचंय. डोक्यावर लोखंडी टोप, खांद्याला गॅस-मास्कचा पुठ्ठ्याचा खोका, हातात वही. झालं? मग चला.

तुम्ही लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या स्टेपनीत आहात. १९४० सालचा सप्टेंबर सरत आलाय. रात्रभर जर्मन बॉम्ब पडत होते; काल पडले, परवाही पडले. पहिल्या रात्रीपासून मोजून सलग ५७ रात्री हे असंच चालणार आहे. पण ते तुम्हाला ठाऊक; समोर काचा झाडणाऱ्या त्या बाईला नाही.

आधी नाकाला कळतं. पाण्याने विझवलेल्या लाकडाचा कुबट वास, जुन्या भिंतींतून उधळलेला चुना, फुटलेल्या नळातून सुटलेला गॅस. दात एकमेकांवर घासले की कचकच होते. तोंडात विटेची पूड आहे. मग कान जागे होतात. गल्लीभर खर्र, खर्र, खर्र. दारोदारी केरसुण्या काचा लोटताहेत. पोरं बॉम्बचे तुकडे वेचताहेत. ज्याचा तुकडा अजून गरम, त्याचा भाव जास्त.

तेवढ्यात शिट्टी वाजते. केरसुण्या थांबतात, पोरं थांबतात. ढिगाऱ्यावरची माणसं पोटावर पडून विटांना कान लावतात. तुम्हीही श्वास धरलाय. खालून कुणी टकटक करतंय का? पुन्हा शिट्टी होते, आणि फावडी पहिल्यापेक्षा जोरात चालू लागतात. ऐकू आलं असावं!

तुमच्यासोबत लंडन काउंटी कौन्सिलचे एक वयस्क सर्व्हेअर आहेत. ते सांगतील ते वहीत उतरवायचं. घरं एकाला एक चिकटलेली, मधली भिंत दोघांची. त्यातलं एक घर गायब आहे. वरच्या मजल्याची शेकोटी भिंतीला तशीच लटकलीय, भोवती फुलाफुलांचा कागद. शेजारचं घर उभं आहे, पण कलल्यासारखं दिसतं. सर्व्हेअर ओळंबा सोडतात. दोरी स्थिर होईपर्यंत कुणीच बोलत नाही.

घरमालकीण विटांच्या चुलीवर किटली ठेवून बसलीय. तुमच्या हातात कप देते. माणशी आठवड्याला दोन औंस चहा मिळतो, त्यातला हा कप. नको म्हणू नका. घोट घ्या, गरम आहे, थोडा धुरकट आहे. ती हळूच विचारते, "घर राहील ना हो?"

सर्व्हेअर भेगेत बोट घालतात, जिना चढून उतरतात, वहीकडे पाहून काहीतरी पुटपुटतात. तुम्ही लिहून घेता.

आता नदी ओलांडून काउंटी हॉलमध्ये या. लांबलचक टेबल, त्यावर नकाशा. सगळी लंडन काउंटी मावायला असे ११० तुकडे लागतात. आणि हे रंग. काळा म्हणजे घर पूर्ण गेलं. जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे. गडद लाल म्हणजे सांगता येत नाही. फिकट लाल म्हणजे मोठं नुकसान, पण खर्च केला तर उभं राहील. नारिंगी म्हणजे स्फोटाचा धक्का बसला, सांगाडा शाबूत. पिवळा म्हणजे किरकोळ. पुढे १९४४ मध्ये याच कागदांवर वर्तुळंही येतील. मोठं वर्तुळ व्ही-१ चं. फटफटीसारखा आवाज करत येणारा हा बॉम्ब आवाज थांबला की कोसळतो. लहान वर्तुळ व्ही-२ रॉकेटचं. त्याचा येतानाचा आवाज स्फोट झाल्यानंतर ऐकू येतो. तिथे सावध व्हायलाही क्षण नाही.

आता वही उघडा आणि वाका. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. त्या बाईच्या घराची रुंदी पाच मीटर धरा. कागदावर किती? दोन मिलिमीटर! त्यात तिची किटली, जिना, भिंतीवरची फुलं, सगळं आलं. हात किंचित हलला तर रंग शेजाऱ्याच्या घरात जाईल. म्हणून मनगट टेबलावर टेकवा. शेजारच्या चौकोनात आधी काळा भरा. तिथे काय होतं ते तुम्ही सकाळी पाहिलंय.

आता तिचं घर. वहीत सर्व्हेअरांचे शब्द आहेत: भेग खोल, पाया ठीक, दुरुस्ती शक्य.

फिकट लाल. सावकाश भरा. बोटांना अजून धुराचा वास येतोय, जिभेवर तो चहा आहे. या एवढ्याशा ठिपक्यावर पुढे कुणी निर्णय घेईल, गवंडी येतील, भिंत सरळ होईल. रेघेच्या आत राहा. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आत्ता लिहिताय.